मी लिहिलेलं सातवं कलम

आमच्या गल्लीत माझ्याबद्दल एक पक्का समज आहे. मी वॉचमन पुरवते. बारामतीत परत राहायला आल्यावर शेजारच्या काकूंनी अम्मीला विचारलं, "शाहीन काय करती म्हणं?" अम्मीने सांगितलं, "सिक्युरिटीचं बघती." झालं. दुसऱ्या आठवड्यात पणदऱ्याचे एक पाहुणे भाच्याला घेऊन दारात हजर. "धिप्पाड हाय, रात्रपाळी चालंल, लावा कुठं गेटवर." मी त्यांना बसवून माहितीची सुरक्षा म्हणजे काय, ती धोरणाने कशी राखायची, असं अर्धा तास समजावलं. पाहुणे शांतपणे ऐकत होते. उठताना म्हणाले, "बरं, मग गेट न्हाय तर न्हाय, आत कुठं लावा."

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या व्यवसायातले अनुभव लिहा" असं कळवलं, तेव्हा पहिल्यांदा हेच आठवलं. म्हणून आधी सोपं करून सांगते. घराला कुलूप लावायचं, हे झालं धोरण. कुलूप कसलं, किती मजबूत, हे मानक. किल्ली कोणाकडे, हरवली तर कोणाला सांगायचं, ही कार्यपद्धती. दवाखान्यात रुग्णांचे तपशील असतात, कारखान्यात गिऱ्हाइकांचे नकाशे असतात, दूध संकलन केंद्रावर सभासदांच्या आधारकार्डांचे गठ्ठे असतात. हे सगळं कोणी बघायचं, कोणी बघायचं नाही, ते मी लिहून देते. पुण्यात एका कंपनीत बरीच वर्षं हेच केलं, आणि मग बारामती-इंदापूर पट्ट्यात स्वतःचं सुरू केलं.

लिहून दिलं की लोक पाळतात, असा माझा भ्रम होता. तो एका दूध केंद्राने पहिल्याच वर्षी काढला. तिथे संगणकाचा पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला होता. मी धोरण दिलं, बजावून सांगितलं. पुढच्या खेपेला गेले तर भिंत स्वच्छ, रंगवलेली, आणि तिच्यावर सुबक अक्षरात फलक: "पासवर्ड भिंतीवर लिहू नये." फलकाच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, नवा पासवर्ड. "भिंतीवर न्हाय लिवला मॅडम, बोर्डावर लिवलाय," असं मला सांगण्यात आलं. मी तेव्हा पोट धरून हसले. ही गोष्ट पुढे कित्येक ठिकाणी तिखटमीठ लावून सांगितली. दुसऱ्यांच्या चुका सांगताना मला फार बरं वाटायचं.

आता माझी सांगते.

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत हणमंतराव म्हणून एका गृहस्थांचा कारखाना आहे. दुधाच्या यंत्रांना लागणारे व्हॉल्व्ह तिथे बनतात. त्यांना एका मोठ्या परदेशी कंपनीचं काम मिळायच्या बेतात होतं. कंपनीची अट एकच: आमचे नकाशे तुमच्याकडे येणार, तेव्हा माहिती सुरक्षेचं लेखी धोरण दाखवा. हणमंतराव माणूस धडाडीचा, नव्या कामासाठी शेडसुद्धा उभी करून मोकळा झालेला. मला म्हणाले, "मॅडम, पंधरा दिवसांत पाहिजे. आणि जाडजूड पाहिजे. पातळ वही दाखवली तर गोऱ्या लोकांना वाटायचं हे पोरखेळ करत्यात."

जाडजूड लिहिण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पंधरा दिवसांत शहाण्णव पानं दिली. कशी दिली, हे त्या वेळी मी कोणाला सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी एका रुग्णालयासाठी केलेलं धोरण घेतलं आणि संगणकाला हुकूम दिला की जिथे जिथे "रुग्ण" असेल तिथे तिथे "ग्राहक" घाल. संगणकाने इमानदारीत घातलं. मी वरवर चाळलं, बांधणी करून घेतली, आणि सर्वांना वाचायला दिलं. म्हणजे सर्वांनी वाचलं असं लिहून सह्या घेतल्या.

एका माणसाने मात्र खरंच वाचलं. सोपानतात्या. नकाशांचं कपाट आणि नकाशांचा संगणक त्यांच्या ताब्यात. मूळचे सांगवीचे, पण कारखाना सुरू झाल्यापासून इथेच जवळ खोली घेऊन राहणारे, सुट्टीला गावी जाणारे. निवृत्तीला काही महिने उरलेले. एक दिवस चष्मा कपाळावर चढवून, माझं शहाण्णव पानी बाड काखेत मारून ते माझ्याकडे आले.

"मॅडम, जरा शंका हुती."

"विचारा ना तात्या."

"ह्ये एकोणचाळिसाव्या पानावर लिव्हलंय, ग्राहकाचा रक्तगट गोपनीय ठेवावा. मी ठेवतो की. पण आपल्याला ग्राहकाचा रक्तगट ठाव असायचं कारण काय?"

मी पान बघितलं. खरंच तसं होतं.

"आनि ह्ये बगा. 'ग्राहकालयाच्या मुख्य प्रवेशद्वारापाशी.' आमी समद्यांनी लई डोकं चालवलं. ग्राहकालय कुठं आलं आपल्याकडं?"

रुग्णालयाचं ग्राहकालय झालं होतं. मी खूप गंभीर चेहरा करून "छपाईची चूक" असं म्हटलं. तात्या हसले नाहीत. "व्हय, व्हय, हुतं असं," म्हणाले आणि दुरुस्तीसाठी सतरा जागा पेन्सिलीने खुणा करून दिल्या. मला त्यांचे आभार मानायला हवे होते. त्याऐवजी मला त्यांचा थोडा राग आला, आणि तो राग मला नंतर भोवला. खरं म्हणजे त्यांना भोवला.

माझ्या धोरणात दोन गोष्टींचा मला विशेष अभिमान होता. पहिली, नकाशा संगणकातून बाहेर काढला की त्याच्या तळाशी काढणाऱ्याचं नाव आपोआप उमटायचं. दुसरी, सातवं कलम. माहिती फुटली, तर संशयित कर्मचाऱ्याला चौकशी पूर्ण होईपर्यंत तात्काळ कामावरून दूर करावं, आणि बाहेर पडताना त्याच्या सामानाची झडती घ्यावी. हे कलम मी एका सकाळी चहा पिता पिता लिहिलं होतं. "तात्काळ" हा शब्द घातल्यावर वाक्याला वजन आलं, असं तेव्हा वाटलं होतं.

परदेशी कंपनीचे तपासनीस येणार त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. माझ्या फायलीत एका गोपनीय नकाशाचा नमुना जोडायचा राहिला होता. मी तात्यांकडे गेले.

"तात्या, त्या नव्या व्हॉल्व्हचा नकाशा पेनड्राइव्हवर द्या. नमुना म्हणून लावायचाय."

"हितल्या हितं छापा की."

"छापायला दोन सह्या लागतात. हणमंतराव पुण्याला गेलेत."

"मग उद्या छापा. भाईर न्यायचं न्हाय, तुमीच लिव्हलंय."

"अहो, मीच लिहिलंय ना? मग मला माहीत असेल की."

तात्यांनी दिला. जुन्या सवयीने वहीत नोंद केली, माझी सही घेतली. ती वही खरं तर माझ्या धोरणाने महिनाभरापूर्वीच बंद झाली होती. मी हसत हसत सही केली, इंदापूरला स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले, पेनड्राइव्ह दिला, छापून घेतलं. तपासणी छान पार पडली. तपासनीस बाईंनी शहाण्णव पानी बाड हातात तोलून पाहिलं आणि मान डोलावली. हणमंतरावांचा अंदाज बरोबर होता.

तीन आठवड्यांनी तो नकाशा एका व्हॉट्सॲप गटावर फिरला. कोणीतरी फोटो टाकून विचारलं होतं, "हा पार्ट स्वस्तात कोण करून देईल?" परदेशी कंपनीच्या इथल्या माणसाने तो बघितला आणि हणमंतरावांना पत्र आलं: कोणी फोडलं ते आठ दिवसांत कळवा, नाहीतर काम थांबवा.

फोटोत नकाशाच्या तळाशी नाव स्पष्ट दिसत होतं. सोपान.

चौकशी मीच केली. हणमंतरावांच्या केबिनमध्ये तात्या समोर उभे होते. त्यांना बसा म्हणायचं मला सुचलं नाही.

"तात्या, नाव तुमचं आहे. तुम्ही ही फाइल कोणाला दिलीत?"

"माझ्या वहीत बगा. कुणाला काय दिलं ते समदं हाय तितं."

"वही आता चालत नाही, तात्या. धोरणाप्रमाणे फक्त संगणकातली नोंद ग्राह्य. आणि संगणक म्हणतोय, तुम्ही काढली."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग हणमंतरावांकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं."

वाचक विचारतील, तुम्हाला आठवलं कसं नाही? बरीच वर्षं मीही 'विसरले होते' असंच सांगत आले. पण लिहायला बसलेच आहे तर खरं लिहिते. पेनड्राइव्ह घेतल्याचं मी विसरले नव्हते. फक्त त्याचा ह्याच्याशी संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. धोरण सर्व कर्मचाऱ्यांना लागू होतं, आणि मी कुठे कर्मचारी होते? मी तर ते लिहिणारी. चोर शोधताना मी सगळ्यांकडे बोट केलं, पण यादीत माझं नाव घालायला विसरले.

सातव्या कलमाप्रमाणे तात्यांना त्याच दिवशी, तात्काळ, दूर करण्यात आलं. दुपारी तीनची पाळी बदलत होती. गेटवर सगळे कामगार आत-बाहेर करत असताना वॉचमनने त्यांची पिशवी उघडली, जेवणाचा डबा उघडला. डब्यात अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. वॉचमन शरमेने खाली बघत होता. मी वरच्या खिडकीतून बघत होते, आणि कलम नीट पाळलं जातंय याचं समाधान मला त्या क्षणी वाटलं होतं, हे मी नाकारत नाही.

चौकशीचा अहवाल बारा पानांचा झाला. त्यावर सह्या करायला छापील प्रत हवी होती. कारखान्याचा प्रिंटर आता माझ्याच शिफारशीवरून कुलूपबंद होता. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा इंदापूरला त्याच दुकानात गेले. हो, त्याच.

दुकानदार ओळखीचं हसला. पेनड्राइव्ह लावला. संगणकाच्या पडद्यावर शेकडो फायली मांडून ठेवलेल्या होत्या, लग्नपत्रिका, सातबारे, हॉल तिकिटं. त्याने त्यातल्या एकीवर बाण नेला.

"मॅडम, मागची ती मशीनची फाईल काढू का परत? हितंच हाय. कापी करूनच छापतो आमी, पेनड्राइव्ह मधीच निघाला तर घोटाळा व्हतो."

मी विचारलं, "ही कोणी बघितली का?"

"न्हाय ओ. एक वर्कशॉपवालं आलं हुतं तवा, त्यास्नी आवडली. म्हणलं, मला बी एक काढ. मला वाटलं तुमच्यातलंच हायेत."

आयुष्यात मी बऱ्याच लोकांना "माहितीची गळती" हा विषय शिकवला आहे. गळती झाली की नेमकं कसं वाटतं, ते मला दुकानातल्या स्टुलावर मटकन बसल्यावर कळलं.

मग मी जे केलं ते माझ्या एकोणिसाव्या कलमाच्या विरुद्ध होतं. पुरावा कोणत्याही परिस्थितीत नष्ट करू नये, असं ते कलम. मी म्हटलं, "ती फाइल काढून टाका." त्याने काढली. मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोणाला कळणार होतं? तात्यांच्या निवृत्तीला तसेही थोडेच महिने होते. मालक त्यांना घरी पाठवून गप्प बसले असते. मी एवढा सगळा हिशेब स्टुलावरून उठायच्या आत केला.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, काढली तरी कचऱ्याच्या डब्यात ऱ्हाती. तितनं बी काढू?"

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तो बिचारा घाबरला, पाणी आणायला धावला. मी म्हटलं, "नको. राहू दे. परत जागेवर ठेवा."

तिथून कारखाना पंधरा मिनिटांवर. हणमंतरावांकडे जाऊन सांगणं सरळ होतं. पण मी गाडी उलट दिशेला वळवली. निमगाव, जंक्शन, लासुर्णे, बारामती, थेट सांगवी; दूर केल्यावर तात्या गावीच गेले होते. आधी तात्यांची माफी मागितली पाहिजे, असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे हणमंतरावांना घाबरले होते.

तात्या अंगणात खाटेवर बसून चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधत होते. मला बघून उठले. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि त्या आत गेल्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुकान, वर्कशॉपवाला, फाइल काढून टाकायला सांगितली तेसुद्धा.

"बसा," तात्या म्हणाले.

मी बसले. त्यांनी मला बसायला सांगितलं, हे मला फार लागलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"तुमी नेलीती ह्ये ठाव हुतं. फुटली कुठनं, ह्ये न्हाय."

"मग तिथे बोलला का नाहीत? नाव घ्यायचं माझं."

"वही बगा म्हणलो की. वहीत तुमची सही हाय. तुमी वही बगितली असती, तर तुमास्नीच आठवलं असतं." त्यांनी चष्मा खाटेवर ठेवला. "आनि मालकाम्होरं तुमचं नाव कसं घेणार? तुमाकडनंच गेलं ह्ये मला तरी कुठं ठाव हुतं? नुसत्या संशयावर येकाद्याची अब्रू घालवायची म्हंजे..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. ते पुरं करायची गरज नव्हती. नुसत्या संशयावर अब्रू घालवायची रीत मी क्रमांक घालून लिहिली होती.

"मी उद्या हणमंतरावांना सांगते. ते तुम्हाला बोलावून घेतील."

"बोलवतील. पण गपचूप बोलवतील." तात्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "डबा माझा समद्यांदेखत उघडला, बाई. सून इचारती, मामंजी, काय झालं? मी काय सांगू? मला काम नगं. राहिलंय कितीसं? पन ज्यांच्यादेखत उघडला, त्यांच्यादेखत सांगायला पायजे."

दुसऱ्या दिवशी हणमंतरावांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कपाटातून वही मागवली. माझी सही बघितली, झोकदार, खाली दोन टिंबं. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला मी चोरी थांबवायला आणलं होतं का चोरी कशी करायची ते दाखवायला?" मग त्यांना परदेशी कंपनीची काळजी पडली. "तात्यांना घेऊ की परत. पण गेटवर तमाशा कशाला? आपण अहवालात 'तांत्रिक कारण' लिहू." त्यांनी सुचवलेला शब्द माझ्याच शब्दसंग्रहातला होता. ओळखीचा आणि सोयीचा.

"नाही," मी म्हटलं. "तात्यांची अट आहे. आणि अहवालही मी खराच लिहिणार."

तीन वाजता पाळी बदलताना मी गेटवर उभी राहिले. तात्या सांगवीहून आले होते, धुतलेला सदरा घालून, थोडे लांब उभे. मी रात्रभर भाषण लिहून काढलं होतं, अर्थात मोठं. कामगारांचे चेहरे बघितले आणि कागद पर्समध्येच राहिला.

"तो नकाशा तात्यांनी फोडला नाही," मी म्हटलं. "मी फोडला. बाहेरच्या दुकानात छापायला नेला. तात्या नको म्हणत होते. नंतर त्यांनी वही बघा म्हटलं, ती मी बघितली नाही. त्यांची झडती माझ्यामुळे झाली. मला माफ करा."

मग मागून एक आवाज आला, "मग आता मॅडमला सातवं कलम लावायचं काय?" हशा पिकला. मी म्हटलं, "लावा," आणि गळ्यातलं ओळखपत्र काढून वॉचमनच्या हातात दिलं. पर्स उघडून धरली. वॉचमनने तात्यांकडे बघितलं. तात्या पुढे आले, पर्सची चेन स्वतः बंद केली आणि म्हणाले, "बास आता. चला, आत चला, पाळी सुरू झाली." आणि पहिले आत गेले.

परदेशी कंपनीने काम अर्धं वर्ष थांबवलं. नवी शेड तेवढे दिवस रिकामी होती, आणि हणमंतराव मला रस्त्यात दिसले तरी गाडीची काच वर करायचे. मग काम आलं, पण मला बोलावणं आलं नाही. हे प्रकरण औद्योगिक वसाहतीत पसरायला व्हॉट्सॲपचीही गरज पडली नाही. आणखी दोन कारखान्यांनी मला "सध्या गरज नाही" असं कळवलं. अम्मी म्हणाली, "तू वॉचमनच पुरवले असतेस तर बरं झालं असतं." कारखान्याने माझं शहाण्णव पानी धोरण रद्द केलं. तात्यांनी आणि दोन-तीन जुन्या कामगारांनी मिळून दोन पानांचं केलं, साध्या बोलीत, त्यात वही चालू ठेवली. ते मी पुढे मागून घेऊन वाचलं. त्यात सातवं कलम होतंच, पण त्याचं पहिलं वाक्य होतं: "आधी माणसाला बसवून इचारावं." अक्षरशः असंच, "इचारावं."

मी बराच काळ घरी बसून होते. हे काम आपण सोडावं असं ठरवत आले होते, तेवढ्यात एका दुपारी फोन आला.

"सोपान बोलतोय, सांगवीवरनं. रिटायर झालो की आता." आवाज खुशीत होता. "आमच्या हितं पाणीवापर संस्था हाय. सभासदांची आधार, पासबुकं, समदी कागदं कपाटात उघडी पडल्यात. कोन बी येतंय, फोटू काढून नेतंय. मी सेक्रेटरीला म्हणलं, असं चालायचं न्हाय, काय तरी लिव्हून घ्या. त्यो म्हणला, कोन लिव्हणार? मी तुमचं नाव सांगितलं."

"तात्या, एवढं सगळं झाल्यावर माझं नाव?"

"त्यो बी त्येच म्हणला. ती फसलेली बाई व्हय, म्हणला. मी म्हणलं, आरं, जी कधी घसरली न्हाय तिला काय ठाव निसरडं कुठं हाय? हिला ठाव हाय." मग म्हणाले, "पन दोन पानांत बसवा, बाई. जास्त लिव्हाल तर मला समदं वाचावं लागतंय."

असं शिफारसपत्र मला कोणी आजवर दिलं नव्हतं. मी विचारलं, "कधी येऊ?"

"आत्ता या की," तात्या म्हणाले. "समदी बसल्यात हितं, वाट बगत."